हेड्याची दाढ

तो दाढ उपटून घ्यायला आला होता. ठेवू या, असं मी म्हणालो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या एका वाक्यावरून झालं आणि ते वाक्य त्याचं नव्हतं. वीस वर्षांवर होऊन गेली, ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तीत सांगण्यासारखं काही नाही, असं स्वतःला बजावत आलो. कोणी मेलं नाही, कोणी कोर्टात गेलं नाही. एका माणसाची एक दाढ, एवढीच बाब. पण आता पन्नाशी उलटली. संध्याकाळपर्यंत हात जड होतात. दुपारी खुर्ची रिकामी असली की दुसरं काही आठवत नाही, तीच दाढ आठवते. याचाही कंटाळा आला आहे. म्हणून लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची थंडी होती. मी मुंबईहून दाताचं शिक्षण घेऊन नगरला परतलो होतो आणि बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर दवाखाना काढला होता. एक खुर्ची, पायाने चालवायचं कोरायचं यंत्र, स्पिरिटचा दिवा. येणारे बहुतेक खेड्यांतून येत, ठणका असह्य झाल्यावर येत आणि 'काढून टाका' एवढंच म्हणत. दात काढणं हा डॉक्टरचा पराभव, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. इथे मी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत हरत होतो.

तो घोडेगावच्या बैलबाजारातला हेडी, म्हणजे बैलांचे सौदे जुळवून देणारा. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, डोक्याला पटका, आणि बोटं इतकी लांब की खुर्चीच्या हातावरून खाली लोंबायची. गाल सुजलेला होता.

"काढून टाका, डाक्टर. आठ दिस झाले, बैलाच्या तोंडात हात घालतो आन् ठणका माझ्या तोंडात उठतोय."

मी पाहिलं. डावीकडची वरची दाढ, सुळ्यामागची दुसरी. कीड खोल गेलेली, नस मेलेली, पण दाढ बाहेरून भक्कम. माझ्या बोटांना चेव आला. म्हणालो, "काढायची गरज नाही. मुळातली मेलेली नस साफ करू, पोकळीत मसाला भरू. दाढ जन्मभर राहील."

तो हसला. सुजलेल्या गालाने हसताना त्याला त्रास झाला, तरी हसला.

"बैलाला वरचे पुढचे दात देवानं दिलेच न्हाईत, ठावं हाय का? नुसता हिरडा. तरी कडबा खातोय, नांगर वढतोय. मग माझ्या एका दाढंपायी यवढी यातायात कशाला?"

"बैलाचं ठीक आहे," मी म्हणालो. "पण तुम्ही दुसऱ्याच्या बैलाचे दात मोजणार, आणि तुमच्या तोंडाचं बोळकं. लोक काय म्हणतील?"

हे त्याला लागलं. दुदाती, चौदाती, जुळलेला असं बैलाच्या तोंडात अंगठा घालून वय सांगणं हीच त्याची विद्या. पटका सारखा करत तो म्हणाला, "ह्ये मातुर खरं बोललात. मारा काय मारायचा त्यो मसाला."

चार खेपा लागणार होत्या. घोडेगावहून एसटीने यायचं, दिवस मोडायचा. तो आला. तिसऱ्या खेपेला फाइल मोडली.

फाइल म्हणजे सुईसारखी बारीक, पीळ घातलेली कानस. मुळाच्या पोकळीत घालून फिरवायची, आतली घाण खरवडून बाहेर येते. त्या दिवशी हातात घेतली तीच मी दिव्यापाशी धरून पाहिली होती. टोकाकडचा पीळ उलगडला होता. उलगडलेली फाइल वापरायची नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. पण त्या मापाची ती एकच उरली होती, नव्या मुंबईहून टपालाने यायच्या होत्या आणि माणूस खुर्चीत आ करून बसला होता. आजच्या दिवस चालेल, असं मी मनात म्हटलं. आवाज काही झाला नाही. बोटांना फक्त कळलं की पलीकडे धरून ठेवणारं आता काही नाही.

त्याने डोळ्यांनीच विचारलं, झालं का?

"झालं," मी म्हणालो.

माझ्याकडे एक्स-रेचं यंत्र नव्हतं. चिठ्ठी देऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवायचो. तो गेला, तास-दीड तासाने लिफाफा घेऊन आला. "फोटो झ्याक आला म्हनं." स्वतःच्या हाताने त्याने तो माझ्या हातात दिला. मुळाच्या शेंड्याशी पांढरा दोरा अडकलेला दिसत होता. त्याच्या पलीकडे मला जाता येत नव्हतं, म्हणजे पलीकडची घाण तिथेच राहणार होती. आठ दिवसांनी मी तुकड्याच्या अलीकडे मसाला भरला, वर सिमेंट घातलं आणि त्याला काम संपल्याचं सांगितलं.

फाइल मोडणं हा गुन्हा नाही. माझ्याहून मोठ्या हातांतही मोडते. मोडली तर रोग्याला सांगायचं, पुढे काय होऊ शकतं ते सांगायचं, आणि दाढ ठेवायची की काढायची ते त्याला ठरवू द्यायचं. हे तिसावं वर्ष गाठलेल्या मला कळत नव्हतं असं नाही. पण दवाखाना नवा होता, नगर लहान होतं. डॉक्टरने दाढेत सुई सोडली, ही बातमी माझ्या आधी माझ्या घरी पोचली असती.

आठ महिन्यांनी तो परत आला. पाऊस ओढ देऊन बसला होता. दाढेच्या वरच्या हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी आली होती, दाबली की पू यायचा. मला बघताक्षणी कळलं.

"आसं का झालं, डाक्टर?"

त्याने साधंच विचारलं होतं. त्यात तक्रार नव्हती. मी त्याच्या दातांवरचे काळपट डाग पाहिले आणि तोंडातून शब्द निघून गेला.

"तंबाखू. ह्याच बाजूला धरता ना?"

"धरतो की. तीस वर्सं झाली."

"मग? त्यामुळे आतली जखम भरत नाही. बंद करा, पुळी बसेल."

त्याने थोडा वेळ विचार केला. मग कमरेची चंची सोडली, तिच्यात तंबाखू, चुन्याची डबी, सगळं होतं. ती माझ्या टेबलावर ठेवली. "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. जवळ आसली तर हात जाईल." मी गोळ्या लिहून दिल्या. तो जिना उतरून गेला. ती चंची बराच वेळ टेबलावर होती. मग मी ती कपाटात टाकली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

तंबाखू वाईटच. ती सोडवली यात मी काय वाईट केलं, असा सवाल मी स्वतःला किती वेळा घातला असेल. उत्तर दर वेळी एकच येतं: मी ती त्याच्या भल्यासाठी सोडवली नव्हती.

थंडी पडली तेव्हा तो पुन्हा आला. गोळ्यांनी पुळी बसायची आणि पंधरा दिवसांनी उगवायची.

"मी शब्दाला जागलो, डाक्टर," तो म्हणाला. "चिमूटभर बी लावली न्हाई. पुळी काय जागंना."

तो चिडला असता, डॉक्टर बदलला असता, तर मला सोपं गेलं असतं. तो खुर्चीत येऊन बसला आणि आपण होऊन तोंड उघडलं.

"पुन्हा उघडून साफ करावी लागेल," मी म्हणालो.

"पुन्यांदा?"

"पुन्हा."

"करा मग."

एकदा भरलेली दाढ पुन्हा उघडणं पहिल्यापेक्षा कितीतरी कष्टाचं असतं. क्लोरोफॉर्मचे थेंब सोडून जुना मसाला विरघळवायचा, ओढून काढायचा, पुसायचं, पुन्हा थेंब. माडीभर गोडसर वास भरायचा. मग तो तुकडा. मुळाची पोकळी केसाएवढी आणि तिच्यात माझाच तुकडा आडवा. तो ओढून निघेना. त्याच्या बगलेतून वाट मिळते का, हे चाचपत बसायचं. या वेळी फाइली कोऱ्या आणल्या होत्या, प्रत्येक दिव्यापाशी धरून पाहत होतो. पहिल्या दोन खेपांना काही मिळालं नाही. दुपारी मानेचा काटा ढिला व्हायचा. तो आ करून तासतासभर छताकडे बघत राहायचा. एकदा मध्येच हात वर करून थांबवलं, थुंकला आणि म्हणाला, "गाय आडली तरी यवढा येळ लागत न्हाई."

तिसऱ्या खेपेला सगळ्यांत बारीक फाइल तुकड्याच्या बाजूने सरकली आणि खाली गेली. पू आला, काळपट, कुजका. असा घाण वास आला म्हणून मला आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. मग दर आठवड्याला धुवायचं, कापराच्या वासाचं औषध आत ठेवायचं, तात्पुरतं बुजवायचं. पाचव्या आठवड्याला हिरडीवर बोट दाबलं, कोरडं. पुळीच्या जागी फिकट ठिपका. मी पुन्हा मसाला भरला.

त्या महिन्यांत तो कमी बोलायचा. दुष्काळाने बाजार जनावरांनी भरून गेला होता आणि घेणारं कोणी नव्हतं. "सौदा कशाचा जुळवायचा? जो येतोय त्यो इकायलाच येतोय," एकदा म्हणाला. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी सांगता आलं असतं. पण दुसऱ्यांदा जमलं म्हणजे पहिल्यांदाचं फिटलं, असं मी धरून चाललो होतो.

दाढ भरली म्हणजे बरी झाली असं नसतं. मुळाच्या शेंड्याशी पुवाने हाड खाल्लेलं असतं, एक्स-रेत तिथे काळी सावली दिसते. घाण गेली तर हाड हळूहळू परत भरतं, सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं. ते भरतंय की नाही हे दुखण्यावरून कळत नाही, फोटो काढून जुन्याशेजारी धरावा लागतो. शिवाय एकदा बिघडलेल्या दाढेचा भरवसा कमीच. म्हणून मी त्याला सहा महिन्यांनी बोलावलं. सावली निम्म्यावर आली होती. पुढे वर्ष भरल्यावर बोलावलं.

तेव्हा पाऊस होऊन गेला होता. तो हिरवी कणसं बांधून घेऊन आला, माझ्या टेबलावर ठेवली. एक्स-रे स्वतःच घेऊन आला होता आणि मी हात पुढे करायच्या आत त्याने तो खिडकीकडे धरला.

"ह्ये काळं कमी झालं न्हवं?"

"झालं. थोडं राहिलंय."

"आन् ह्यो पांढरा पट्टा तुमचा मसाला."

"हो."

"मग मसाल्यात ही येगळी रेघ कसली? जास्ती पांढरी?"

जनावराच्या तोंडात क्षणभर बघून वय सांगणारा माणूस तो. मी म्हणालो, "तो मसाल्याचाच भाग." या वेळी खोटं बोलायला पहिल्याइतका वेळही लागला नाही.

त्याने फिल्म खाली ठेवली. "बरं, मग आता एक इचारू? तंबाखू सुरू करू का? खायाची हौस म्हनून न्हाई. जोडीदाराला तोंड दावायचंय."

या जोडीदाराबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पाथर्डीकडच्या कोरडवाहू भागातला, वीस वर्षं दोघं मिळून सौदे जुळवत. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायच्या आधी एकाने तळहातावर तंबाखू मळायची आणि दोघांनी त्याच हातावरची चिमूट घ्यायची, हा त्यांचा रिवाज. माझ्या सांगण्यावरून याने सोडली तेव्हा जोडीदाराने आधी थट्टा केली.

"म्हनला, 'माळ घातली का काय रं? की बायकूनं दम दिला?' मी म्हनलं, डाक्टरनं सांगितलंय. तर म्हनतोय, 'दाताच्या डाक्टरला भितोस आन् मारक्या बैलाला भीत न्हाईस?' हसलो आमी."

मग दुष्काळ आला. जोडीदाराने स्वतःची बैलजोडी विकली आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. दोन महिन्यांनी बाजारच्या दिवशी मुद्दाम भेटायला आला. हाताला फोड आले होते. शेजारी बसला, तंबाखू मळली आणि हात पुढे केला.

"मी न्हाई म्हनलं. तुमाला शब्द दिल्ता. तर त्यो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. म्हनला, 'व्हय, खडी फोडनाऱ्याच्या हातची कशी चालंल आता तुला.' हातातली तंबाखू मातीत झटकली आन् उठला. मी मागनं हाका मारल्या. वळला न्हाई."

"नंतर?"

"नंतर काय? ऊसतोडीला गेला बायकापोरं घिऊन. परत बाजारात आला न्हाई. मी दोनदा गेल्तो त्याच्या गावाला. भाईर आला न्हाई, पोरीकडनं सांगितलं, घरी न्हाईत. आत खोकलल्याला आवाज वळखतो की मी." त्याने एक कणीस बाजूला सरकवलं. "आता दाढ बरी झाली म्हनताय. तर जाऊन त्याच्या म्होरं हात धरतो, म्हनतो दे चिमूट. म्हंजे कळंल त्याला. तुमी व्हय म्हना."

मी हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाही म्हणणं तर डॉक्टरला शोभूनच दिसलं असतं. त्याचा हात टेबलावर होता, ती लांब बोटं कणसांच्या शेजारी पसरलेली. मी म्हणालो, "ती रेघ मसाल्याची नाही."

मग बाकीचं सांगितलं. फाइल मोडली, तुकडा आत राहिला, पुळी त्याच्यामुळे आली.

त्याने फिल्म उचलून पुन्हा खिडकीकडे धरली. खाली दुकानात कापड फाडल्याचा आवाज येत होता.

"म्हंजे तंबाखूचा काय संबंध न्हवता."

"तंबाखू वाईटच, पण..."

"त्ये सोडा. दाढंशी?"

"नव्हता."

"तुमाला ठावं हुतं."

"हो."

"कवापासनं?"

"मोडली त्या दिवसापासून."

त्याने मान हलवली, सौद्याचा आकडा मनात धरून ठेवावा तशी. "आमी बाजारात खोड सांगून इकतो. मारका हाय, पान्यात बसतोय, सांगून. तरी घेनारा घेतोय. न सांगता इकलं तर म्होरल्या बाजारी जनावर परत आमच्याच दावनीला. माझा ह्यो तुटल्याला जोडीदार मी आता कुनाच्या दावनीला बांधू, सांगा."

"चूक झाली माझी. मी येतो तुमच्याबरोबर. मी सांगतो त्याला."

"तुमी?" तो कसनुसा हसला. "तुमी काय सांगनार? का तुमचा बोल राखायला मी त्याचा हात परतवला? त्याला तुमी कोन? त्याला मी हुतो."

मग उठला. पटका नीट केला. "दाढ बरी हाय का?"

"बरी होतेय. अजून एक वर्षाने एकदा फोटो काढून बघायला हवा."

"ह्यो फोटो माझा का तुमचा?"

"तुमचाच."

त्याने फिल्म कोपरीच्या खिशात घातली. कणसं टेबलावर तशीच राहिली. मी त्याला परत न्यायला सांगितलं नाही, त्यानेही नेली नाहीत.

त्या दिवशी मी सगळं सांगितलं असं मला वाटलं होतं. नव्हतं सांगितलं. "फाइल कधीकधी मोडते," असं म्हणालो होतो. पीळ उलगडलेला मी आधी पाहिला होता आणि तरी ती आत घातली, हे नाही म्हणालो. ते आज इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

पुढचं वर्ष भरलं, तो फोटोला आला नाही. कार्ड टाकलं, उत्तर नाही. धंद्याच्या हिशेबाने बोलायचं तर त्या दाढेचं काय झालं ते मला माहीत नाही. पुन्हा भरलेल्या दाढा काही वर्षांनी पुन्हा उठतात. सावली पूर्ण गेली की परत पसरली, हे फोटोशिवाय सांगता येत नाही.

एकदा बाजारच्या दिवशी मी औरंगाबाद रस्त्याची एसटी पकडून घोडेगावला गेलो. जाऊन काय बोलणार होतो, ते ठरलं नव्हतं. दुपार झाली होती, सौदे थंडावले होते. धुळीतून, शेणातून, बांधलेल्या जनावरांमधून शोधत गेलो तर तो एका लिंबाखाली बसलेला दिसला. भाकरी सोडून बसला होता. इतर हेडी पलीकडे घोळक्याने जेवत होते, मोठमोठ्याने बोलत होते. तो एकटाच होता.

मी पंधरा-वीस पावलांवर एका गाडीआड थांबलो. माणूस कुठल्या बाजूने चावतो ते दातांच्या डॉक्टरला लांबूनही दिसतं. कानाखालची गाठ हलते, त्यावरून कळतं. भाकरी सकाळची, कडक झालेली असणार. त्याने मोठा तुकडा मोडला, कांद्याबरोबर तोंडात घातला. डावीकडची गाठ हलायला लागली. दुसरा घास, तोही डावीकडेच. दुखत असती तर त्या बाजूने चावला नसता.

भाकरी संपेपर्यंत मी तिथे उभा राहिलो. मग तो पाणी प्यायला उठला, आणि त्याने इकडे बघायच्या आत मी रस्त्याकडे वळलो.